बारावीनंतर पोरांना कशाला घालायचे?

जून महिना शेतकऱ्याच्या घरी दोन पेरण्या घेऊन येतो. एक रानातली आणि दुसरी पोरांच्या शिक्षणाची. दोन्हींना पैसा नेमका एकाच आठवड्यात लागतो. बियाण्याची पिशवी, खताची गोणी, ट्रॅक्टरवाल्याचे भाडे एकीकडे. कॉलेजची फी, वसतिगृहाची अनामत, एस.टी.चा पास दुसरीकडे. मृगाचा पाऊस वेळेवर आला तर घरधनी रानात अडकतो आणि पोरगे एकटेच तालुक्याला जाऊन कुठल्या तरी फॉर्मवर सही करून येते. पाऊस लांबला तर बाप बरोबर जातो, पण मग खिशात पैसा नसतो.

मी आमच्या तालुक्याच्या गावी एका कॉलेजच्या कार्यालयात सत्तावीस वर्षे कारकून होतो. घरी घोड नदीच्या काठाला चार एकर जमीन. सकाळी कांद्याला पाणी द्यायचे आणि दहाला प्रवेशाच्या खिडकीत बसायचे, असा माझा जन्म गेला. त्या खिडकीतून मी किती बाप पाहिले असतील त्याचा हिशेब नाही. धोतरातले पाहिले, पायजम्यातले पाहिले, पुढे पॅन्ट-बुशशर्टातले आले. कपडे बदलले, पण प्रश्न तोच राहिला. "साहेब, कशाला घातलं म्हणजे पोरगं नोकरीला लागंल?"

हा प्रश्न विचारणाऱ्याला हसणारे शहाणे मी पाहिले आहेत. मला त्यात हसण्यासारखे काही वाटले नाही. ज्याच्या घरात एका पोराच्या शिक्षणापायी दुसऱ्याची शाळा सुटते, गाय विकली जाते, त्याने हा प्रश्न विचारायचा नाही तर कोणी विचारायचा? पण त्याचे उत्तर खिडकीत उभ्याउभ्या दोन मिनिटांत देता येत नाही. मागे रांग असते. म्हणून ते आज इथे सावकाश लिहितो आहे.

उरलेल्यांची शाखा?

आपल्याकडे एक उतरंड ठरून गेली आहे. हुशार पोर डॉक्टर-इंजिनिअर व्हायचे, त्याच्या खालचे फार्मसीला जायचे, त्याच्या खालचे कॉमर्सला, आणि ज्याला कुठेच जागा नाही त्याने आर्ट्सला बसायचे. मुलगी असेल तर लग्न ठरेपर्यंत बी.ए. करायचे. सोयरीक जमली की दुसऱ्या वर्षाची पुस्तके माळ्यावर.

कला शाखेत काय शिकवतात, हे मात्र कोणी विचारत नाही. आमच्याच नदीकाठचे उदाहरण देतो. शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. तिथे १९६८ पासून पुढे पंधराएक वर्षे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी उत्खनन केले. हसमुख सांकळिया, मधुकर ढवळीकर ही त्यातली मोठी माणसे. त्यांना सापडले ते सोन्याचे हंडे नव्हेत. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांचे एक अख्खे गाव सापडले. घरांच्या जमिनी, चुली, धान्याच्या कणग्यांच्या जागा, धान्यकोठार, आणि नदीचे पुराचे पाणी वळवून घेण्यासाठी काढलेला पाट. जव, मसूर, कुळीथ यांचे जळके दाणे मिळाले. आधीच्या काळातली घरे मोठी, चौकोनी. नंतरच्या काळात लहान गोल झोपड्या. पाऊसमान घटले, शेती पिकेनाशी झाली आणि गाव खंगत गेले, असे अभ्यासकांनी त्यावरून मांडले. शेवटी ती वस्ती ओसच पडली.

दुष्काळाने मोडलेले हे गाव ज्या विद्येने वाचून दाखवले, ती पुरातत्त्वविद्या. ती कला शाखेतून गेलेला मुलगा शिकू शकतो. आपण ज्या मातीत नांगर घालतो, तिच्या दोन हात खाली आपल्याच धंद्याचा इतिहास पडलेला आहे, हे मला कॉलेजात नोकरीला लागल्यावर कळले. शाळेत कोणी सांगितले नव्हते.

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे. २०२३ च्या सप्टेंबरात कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि तहसील कचेऱ्यांतले जुने दप्तर बाहेर निघाले. जन्ममृत्यूच्या नोंदी, जमिनीचे जुने कागद, शाळांची रजिस्टरे. त्यातला बराच भाग मोडी लिपीत, मराठवाड्यात उर्दू-फारसीतही. कागद हाताशी, पण वाचणार कोण? मोडी जाणणाऱ्यांची जिल्ह्याजिल्ह्यांत शोधाशोध सुरू झाली. ज्या लिपीला आपण मोडीत काढले होते, ती येणाऱ्या माणसासाठी लोक रांगा लावून उभे राहिले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने काही महिने नेटाने सराव केला तर मोडी वाचता येते. विद्यापीठांत आणि पुराभिलेखागाराकडून तिचे वर्ग होतात. आपल्या घरात पणजोबांच्या वेळचे खरेदीखत पेटीत पडून असेल, तर त्याचे मोल मी सांगायला नको.

आपल्या बांधावरचे विषय

अर्थशास्त्र म्हटले की पोरांना आकडे आणि आलेख दिसतात. पण धनंजयराव गाडगीळ हे अर्थशास्त्रज्ञच होते. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली निघाली, तेव्हापासून ते तिचे प्रमुख. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काळी पुण्याच्या बाजारात फळे कशी येतात, बागायतदाराच्या हाती काय पडते आणि मधल्या मध्ये काय गळते, याची पाहणी केली होती. पुढे लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष हेच गाडगीळ झाले. पुस्तकातली विद्या आणि गावकऱ्याची जिद्द एका बैठकीवर बसली आणि १९५० च्या सुमारास प्रवरेच्या काठी गाळप सुरू झाले. आज आपण कारखान्याच्या काट्यावर ऊस घालतो, त्यामागे अर्थशास्त्राचा एक मास्तर उभा आहे, हे विसरून चालणार नाही.

जमिनीचे तुकडे पडत जातात आणि भाऊबंदकी वाढते, हे आपल्या घराघरांतले दुखणे. त्यावर १९१८ साली एका तरुणाने इंग्रजीत निबंध लिहिला. तो तरुण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. अमेरिकेत अर्थशास्त्र शिकून आलेले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की नुसते तुकडे जोडून भागणार नाही. जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसे पोसली जात आहेत आणि अवजारे-भांडवल अपुरे आहे. हा भार उद्योगधंद्यांकडे वळवला पाहिजे. शंभर वर्षे होऊन गेली. आमच्या गावच्या वाटणीच्या बैठकीत आजही हाच तिढा असतो.

समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र हे विषय त्याहून जवळचे. इरावती कर्वे या डेक्कन कॉलेजच्या विदुषी. कोयनेच्या धरणाने जी गावे उठली, त्या माणसांचे पुढे काय झाले, याची त्यांनी जाई निंबकरांसह पाहणी केली. ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. धरण बांधताना सिमेंटचा हिशेब इंजिनिअर ठेवतो. उठलेल्या घरातल्या म्हातारीचा, वाटणीला न आलेल्या पडकाचा, लांब गेलेल्या देवळाचा हिशेब ठेवायला समाजशास्त्र लागते.

आणि मराठी? मराठी घेऊन काय करणार, असे विचारणारे मला रोज भेटत. त्यांना मी जळगावकडे बोट दाखवतो. तिथल्या विद्यापीठाला २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. असोद्याची लेक, शेतकऱ्याची सून, लिहिता-वाचता येत नव्हते. रानात काम करताना आणि घरोट्यावर बसून रचलेल्या ओव्या मुलाने आणि नात्यातल्या माणसाने टिपून ठेवल्या आणि १९५२ साली, त्या गेल्यानंतर, पुस्तक निघाले. आज एम.ए.ची मुले त्या अभ्यासतात आणि प्राध्यापक त्यांच्यावर प्रबंध लिहितात. जिला सही करता येत नव्हती, तिच्या नावाचा शिक्का पदवीच्या कागदावर उमटतो. आपल्या आयाबायांच्या तोंडच्या भाषेला विद्यापीठात मानाचे पान आहे, एवढे यावरून ध्यानात घ्यावे.

पदवी हाती, पुढे काय?

एवढे वाचून कोणी म्हणेल, कारकूनसाहेब आर्ट्सची जाहिरात करीत आहेत. तसे नाही. खिडकीच्या आतून जे दिसले, तेही सांगतो.

बी.ए.ला नाव घालून वर्षभर वर्गात न फिरकणारी मुले मी ढिगाने पाहिली. परीक्षेच्या आधी आठ दिवस 'अपेक्षित प्रश्न' आणायचे, घोकायचे आणि चाळीस मार्क मिळवून सुटायचे. अशा पदवीला बाजारात किंमत नाही आणि ती नसण्यात बाजाराचा दोषही नाही. पीक आले पण दाणा भरला नाही, तर व्यापारी भाव पाडणारच.

त्यामुळे कला शाखेला घालायचे तर पदवीच्या जोडीला एक हातचे कसब हवेच. इतिहासाबरोबर मोडी. भूगोलाबरोबर संगणकावर नकाशे करण्याचे काम. जमीन, पाणी, पीक यांचे नकाशे आता सगळीकडे लागतात. अर्थशास्त्राबरोबर संख्याशास्त्र आणि हिशेब. मराठीबरोबर इंग्रजी-हिंदी पक्की करून भाषांतर. मानसशास्त्र घेणाऱ्याने आधीच समजून असावे, की नुसत्या बी.ए.वर समुपदेशक होता येत नाही. एम.ए. लागते, आणि मनोरुग्णांवर उपचार करणारा चिकित्सक व्हायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला पुढचा अभ्यासक्रम लागतो. वाट लांब आहे, पण आज खेड्यातही माणसे मनाने खचलेली आहेत. कर्जाच्या काळजीने झोप उडालेला शेतकरी कोणाजवळ बोलणार? हे काम करणारी माणसे आपल्यातूनच तयार व्हायला हवीत.

स्पर्धा परीक्षेचेही एक सांगतो. कला शाखेचा अभ्यास तिथे उपयोगी पडतो, हे खरे. पण पुण्याच्या पेठांत खोली घेऊन सहा-सहा, आठ-आठ वर्षे बसलेली आपली मुले आहेत. बाप दरमहा पैसे धाडतो आणि गावात 'साहेब होणार' म्हणून सांगतो. पोराला परत यायची लाज वाटते. जाण्याआधीच किती वर्षे प्रयत्न करायचा ते घरात बसून ठरवावे आणि दुसरी वाट मोकळी ठेवावी. परतून येणाऱ्याला घरातल्या कोणीही टोचून बोलू नये.

थोरल्या भावाची मुलगी

आमच्या थोरल्या भावाची मुलगी २०१४ मध्ये बारावी शास्त्र झाली. मार्क चांगले. भावाने ठरवून टाकले, पोरीला डी.फार्म.ला घालायचे. दोन वर्षांत दुकान टाकून देऊ, जावईही चांगला मिळेल. एका खाजगी कॉलेजात बोलणेही करून आला. पैशासाठी विहिरीजवळचा अर्धा एकर गहाण टाकायचा विचार होता.

रात्री जेवणे झाल्यावर पोरगी ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आबा, मला गोळ्या-औषधांत गोडी नाही. मला समाजशास्त्र शिकायचंय. दादांना तुम्ही सांगा."

मी म्हटले, "मी सांगेन, पण आधी तू सांग. ते शिकून करणार काय?"

ती म्हणाली, "आजी दवाखान्यात होती तेव्हा आपल्याला कोणती योजना आहे, कुठला कागद लागतो, कुणाला भेटायचं, काही कळत नव्हतं. एक बाई रोज यायची आणि आपली कामं करून द्यायची. ती डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती. मी तिला विचारलं होतं. ती एम.एस.डब्ल्यू. होती."

मला ते लख्ख आठवत होते. आमच्या आईच्या आजारपणात त्या बाईने धर्मादाय निधीचा अर्ज भरून दिला नसता, तर अर्धा एकर तेव्हाच गेला असता. मी भावाला एवढेच म्हटले, "दादा, पोरगी हवेत बोलत नाही. तिने बघून ठरवलंय. आपण दोघांनी न बघता ठरवलंय." भाऊ दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बी.ए.ला पैसे किती लागतात ते बघ."

ती बी.ए. झाली, मग समाजकार्याचे एम.एस.डब्ल्यू. केले. आज ती एका सार्वजनिक न्यासाच्या रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक आहे. पगार फार मोठा नाही, पण वेळेवर आहे. सरकारी रुग्णालयांतही समाजसेवा अधीक्षकाची पदे असतात, तिची नजर तिकडे आहे. हे शिक्षण मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत १९३६ पासून चालू आहे आणि त्या संस्थेचा एक परिसर आपल्या तुळजापुरातही आहे. राज्यातल्या अनेक विद्यापीठांची समाजकार्य महाविद्यालये जिल्ह्याच्या गावी आहेत. बारावीनंतर सरळ बी.एस.डब्ल्यू.लाही जाता येते. गावात फिरून करायच्या कामाला, ज्याला ती मंडळी क्षेत्रकार्य म्हणतात, या अभ्यासक्रमात मोठे स्थान असते. खेड्यातल्या मुलाला ते जड जात नाही. उलट शहरी मुले त्यालाच विचारून चालतात.

औषधाचे दुकान आणि औषधाची विद्या

आता फार्मसी. डी.फार्म. दोन वर्षांचे असते. त्यावर किमान तीन महिने, पाचशे तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र किंवा गणित हवे. बी.फार्म. चार वर्षांचे, आपल्या राज्यात त्यासाठी सी.ई.टी. द्यावी लागते. डी.फार्म. झालेल्याला बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला जाता येते. २००८ पासून फार्म.डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रमही आला आहे, तो रुग्णालयात डॉक्टरांच्या जोडीने औषधयोजना पाहण्यासाठी. डी.फार्म.नंतर नोंदणीआधी एक जादा परीक्षा घेण्याचा नियम २०२२ मध्ये जाहीर झाला. प्रवेश घेताना त्याची सध्याची स्थिती कॉलेजात विचारून घ्यावी.

फार्मसी म्हणजे पुडी बांधणे, अशी आपली समजूत. खरे तर औषध शरीरात गेल्यावर काय करते, दोन औषधे एकत्र घेतली तर काय होते, किती मात्रेला ते विष होते, हे सारे तिथे शिकवतात. झाडपाल्याचेही एक शास्त्र त्यात आहे. आपल्या परसातली सदाफुली घ्या. तिच्यापासून रक्ताच्या कर्करोगावरची औषधे निघाली. सर्पगंधेच्या मुळीतून १९५२ मध्ये रक्तदाबावरचे द्रव्य वेगळे काढले गेले. औषधी वनस्पतींची शेती करा म्हणून एजंट गावोगाव फिरतात. मुळीत द्रव्य किती, ते कसे तपासायचे, खरेदीदार कोण, हे विचारणारे एक पोर घरात असले तर फसगत टळते.

जनावरांच्या औषधांचेही तसेच. डायक्लोफिनॅक नावाचे वेदनाशामक औषध पूर्वी गायीबैलांना सर्रास टोचत. असे मेलेले जनावर खाल्ले की गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. आपल्या लहानपणी माळावर थव्याने उतरणारी गिधाडे दिसेनाशी झाली, त्याचे हे मोठे कारण निघाले. २००६ मध्ये त्या औषधाच्या जनावरांसाठीच्या उत्पादनावर बंदी आली. पुढे माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या, तेव्हा २०१५ मध्ये त्याही बंद केल्या. दुकानात बसणाऱ्याला हे ठाऊक असणे आणि नसणे यात केवढा फरक आहे!

आमच्या मळ्याशेजारचा मुलगा डी.फार्म. झाला. निकाल लागून आठवडा झाला नाही तोच एक दुकानदार घरी आला. म्हणाला, "तुझं सर्टिफिकेट माझ्या दुकानात लाव. तू यायची गरज नाही. महिन्याला पैसे घरपोच." मुलाच्या बापाला ते पटले. बसल्या जागी पैसा कोणाला नको? पोरगे माझ्याकडे आले. मी त्याला १९४८ च्या फार्मसी कायद्यातले सांगितले, की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. उद्या त्या दुकानातून चुकीचे औषध गेले आणि कोणाचे लेकरू दगावले, तर भिंतीवर नाव तुझे आहे. पोराने नकार दिला. दोन वर्षे दुसऱ्याच्या दुकानात खऱ्या कामावर राहिले. आता बाजारतळाजवळ त्याचे स्वतःचे दुकान आहे. "दोन तापाच्या आणि एक ती लाल-काळी गोळी द्या" म्हणणाऱ्याला तो चिठ्ठी मागतो. काही गिऱ्हाइके रागावून पुढच्या दुकानात जातात. पण रात्री-अपरात्री खरी अडचण आली की त्याचेच दार वाजवतात.

कॉलेज निवडताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. गेल्या काही वर्षांत फार्मसीची कॉलेजे भराभर निघाली. इमारत चकचकीत, पण प्रयोगशाळेत पाण्याचा नळ नाही आणि शिकवायला माणूस नाही, असेही प्रकार आहेत. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची चालू वर्षाची मान्यता आहे का, डी.फार्म. असेल तर राज्य तंत्रशिक्षण मंडळाची आणि बी.फार्म. असेल तर विद्यापीठाची संलग्नता आहे का, हे कागद पाहूनच पैसे भरावेत. पैसे भरल्याची पावती पूर्ण रकमेची घ्यावी. पावती न देणाऱ्याच्या दारात उभे राहू नये.

कागद आणि पैसा

माझ्या नोकरीत सर्वांत वाईट वाटे ते अपुऱ्या कागदांपायी परत जाणारे पोर पाहून. उत्पन्नाचा दाखला, रहिवास, जातीचा दाखला, जात पडताळणी, बँक खात्याला आधार जोडणे, ही कामे मार्च-एप्रिलमध्ये उरकावीत. जूनमध्ये सेतू केंद्रावर जत्रा असते.

शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटीवर भरावे लागतात. व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. २०२४ साली सरकारने आणखी एक निर्णय केला. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ. अट अशी, की प्रवेश केंद्रीय फेरीतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर माफी नाही. 'जागा संपतील, आजच भरा' म्हणून घाई करणाऱ्यांच्या नादी लागून कित्येक बाप ही सवलत घालवून बसतात. कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजना असेल तर पोराला त्यात घालायला कमीपणा मानू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी हाच पायंडा पाडला आणि साताऱ्याच्या कॉलेजातून कितीतरी मुले राबून पदवीधर झाली.

आता नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवी तीन वर्षांचीही आहे आणि चार वर्षांचीही. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर काही अटी पुऱ्या करून थांबले तर प्रमाणपत्र किंवा पदविका मिळते आणि पुढे परत येता येते. लग्नामुळे किंवा अडचणीमुळे शिक्षण तुटलेल्या मुलींनी हे लक्षात ठेवावे. ज्यांना रोज कॉलेजात जाणे शक्य नाही त्यांच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. सासरी राहून, धारा काढून, रात्री अभ्यास करून पदवी घेतलेल्या सुना आमच्याच गावात तीन आहेत. त्यातली एक आज अंगणवाडीची पर्यवेक्षिका आहे.

शेवटी, जमीन गहाण टाकण्याचा विचार मनात आला तर त्या दिवशी काहीच ठरवू नका. एक दिवस रानातले काम बाजूला ठेवून पोराबरोबर कॉलेजात जा. वर्ग भरले आहेत का ते पाहा. ग्रंथालयात पुस्तकांवर धूळ आहे की हात फिरलेले आहेत ते पाहा. तिथे शिकत असलेल्या आपल्या भागातल्या मुलामुलींना झाडाखाली गाठून विचारा, मास्तर तासाला येतात का, मागच्या वर्षी पास झालेली मुले कुठे लागली. बैल घेताना आपण दात मोजतो, चालवून पाहतो, चार जणांना विचारतो. लेकराच्या चार वर्षांसाठी एवढे करायला काय हरकत आहे? आणि घरी परतताना एस.टी.त पोराला विचारा, "तुला यातलं काय शिकावंसं वाटतं, आणि का?" पहिल्या खेपेला ते गप्प बसेल. आपल्याकडे पोरांना हे विचारायची रीत नाही, त्यामुळे त्यांना सांगायची सवय नसते. घाई करू नका. पुढचा थांबा येईपर्यंत वाट पाहा, मग ते बोलेल.